शांताक्काचे खेकडे आणि कलम दोन

गेल्या श्रावणातला पहिला बुधवार. वेळ सकाळी अकराची ठरली होती, सुरुवात साडेबाराला झाली. ठिकाण मंद्रूपच्या पुढच्या एका गावातले, तलावाच्या मच्छीमार संस्थेचे पत्र्याचे ऑफिस. हजर: संस्थेचे अध्यक्ष नागनाथ, त्यांच्या थोरल्या भावाची विधवा आणि संस्थेतली एकुलती एक बाई सभासद शांताक्का, जुने सभासद मल्लप्पा, आणखी आठ-दहा सभासद, त्यातले निम्मे भिंतीला टेकून डुलक्या घेण्याच्या बेतात, माझे टायपिस्ट सलीमभाई, आणि मी. गैरहजर: हैदराबादची कंपनी, जिच्यासाठी हे सगळे चालले होते.

श्रावणात मासे खाणारे निम्मे होतात, धंदा थंड असतो, म्हणून सगळ्यांना वेळ होता. एरवी ही माणसे एका जागी सापडत नाहीत.

माझे काम भाषांतराचे. शुक्रवार पेठेत एका स्टेशनरीच्या दुकानावर दोन टेबले आणि एक कपाट, एवढे ऑफिस. इंग्रजीचे मराठी, मराठीचे इंग्रजी, कोणी मागितले तर कन्नडचेही करून देते. खरेदीखते, बँकेचे कागद, कोर्टाचे निकाल, परदेशी निघालेल्या मुलांचे दाखले. लोकांना वाटते, आम्हाला शब्द येतात म्हणून आमच्याकडे काम येते. शब्द कोशातही असतात. आमच्याकडून हवे असते ते वेगळे: मूळ कागदातले काही गाळायचे नाही, पदरचे काही घालायचे नाही, आणि मूळ कागद मूर्खपणाचा असेल तर मराठीतही तो तितकाच मूर्खपणाचा ठेवायचा. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत जड जाते. हात शिवशिवतात.

याखेरीज माझी स्वतःची एक पद्धत आहे. कागद गावच्या माणसांसाठी असेल तर शिक्का मारण्याआधी मी तो त्यांच्यासमोर मोठ्याने वाचते. कोणाला एखादे वाक्य कळले नाही तर हात वर करायचा, आणि त्याला कळेपर्यंत पुढचे वाक्य वाचायचे नाही. या पद्धतीचा मला अभिमान होता. अजूनही आहे, पण आता जरा जपून.

फिश या शब्दाशी माझे भांडण नव्हते, तशी ओळखही नव्हती. आमचे घर लिंगायत. घरात बोलणे कन्नड, शाळा मराठी. कन्नडात माशाला मीनु म्हणतात, तेवढ्यावर आमच्या घरातला माशाचा विषय संपत असे. तो कसा दिसतो हे मी पाठ्यपुस्तकातल्या चित्रात पाहिले. आणि तरी इतक्या वर्षांत या एका शब्दाने मला जितके चकवले तितके कायद्याच्या लांबलचक शब्दांनीही चकवले नाही.

पहिल्यांदा तो भेटला एका निवृत्त गँगमनच्या चौकशीच्या कागदात. आधीच्या कुणा भाषांतरकाराने लिहिले होते, ‘घटनास्थळी माशाची ताटली सैल आढळली.’ ते गृहस्थ कागद घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, “मॅडम, आमी ड्यूटीवर जेवत बसलो हुतो असं वाटतंय की ह्यात.” दोन रूळ जोडणाऱ्या लोखंडी पट्टीला फिशप्लेट म्हणतात, आणि रेल्वेतला माणूस मराठी बोलतानाही फिशप्लेटच म्हणतो. मी तसेच ठेवले. त्या पट्टीला फिश का म्हणायचे, असे मी त्यांना विचारले. त्यांनी बराच विचार केला आणि सांगितले, की साहेब म्हणत होते म्हणून.

दुसऱ्यांदा एक मुलगी आली. तिला बाहेरच्या देशात शिकायला जायचे होते आणि कॉलेजच्या गॅदरिंगचे प्रमाणपत्र इंग्रजीत करून हवे होते: ‘फिशपॉन्ड, प्रथम क्रमांक’. आपल्याकडे ज्याने गॅदरिंग पाहिले आहे त्याला फिशपॉन्ड समजावून सांगावे लागत नाही. नाव न घालता चिठ्ठीवर एखाद्याची टोपी उडवायची आणि ती भर स्टेजवर वाचायची. पण शब्द इंग्रजी असून इंग्रजांना तो कळणार नाही, अशी ही अडचण. तसाच ठेवला असता तर तिकडच्या विद्यापीठाने तिला मत्स्यशेती शिकायला पाठवले असते. मी सरळ दोन ओळींत काय असते ते लिहून दिले. तिच्या आईला ते आवडले नाही. बक्षीस लहान झाल्यासारखे वाटले म्हणाली.

तिसरी गोष्ट फॅमिली कोर्टाची. सुनेने आपल्या मैत्रिणीला इंग्रजीत लिहिले होते, की नवरा कोल्ड फिश आहे. म्हणजे माणूस कोरडा, माया नसलेला. मी तसेच मराठीत मांडले आणि खाली टीप दिली की मूळ शब्दशः अर्थ ‘थंड मासा’. टीप देणे हा नियम आहे. सासरे माळकरी आहेत हे मला ठाऊक नव्हते. ते वकिलांना घेऊन ऑफिसात आले. मुलगा कोरडा आहे याबद्दल त्यांची फारशी तक्रार नव्हती. तक्रार अशी, की आमच्या घरात आजवर मासा शिरलेला नाही, आणि हा शब्द कोर्टाच्या कागदावर आला तर समाजात काय तोंड दाखवायचे. सलीमभाईंनी त्यांना पाणी दिले आणि अगदी गंभीरपणे सांगितले, “काका, थंडा है. पकाया नहीं.” ते आणखी चिडले.

तेव्हा मी या शब्दाचे अर्थ एकदा नीट लिहून काढले. पाण्यातला प्राणी. तो धरणे. खिशात चाचपून एखादी वस्तू बाहेर काढणे. स्तुती व्हावी म्हणून बोलणे तिकडे वळवणे. दाल में काला असणे. विचित्र माणूस. जुन्या कागदांना लागणारी चंदेरी कसर. जेलीफिश आणि स्टारफिश. यादी संपल्यावर माझ्या लक्षात आले, की यातले काही पाण्यात राहतात पण मासे नाहीत, आणि काही मासेही नाहीत आणि पाण्यातही राहत नाहीत. विषय मिटला असे समजून मी यादी कपाटात ठेवली.

मग नागनाथ आले. तलाव शासनाचा, मासेमारीचा ठेका संस्थेकडे. हैदराबादच्या एका कंपनीने प्रस्ताव दिला होता: मत्स्यबीज आम्ही सोडू, बर्फाची गाडी आम्ही पाठवू, सगळा माल ठरल्या भावाने आम्हीच उचलू. करार इंग्रजीत. सभासदांच्या सर्वसाधारण सभेत तो मंजूर व्हायचा, म्हणून मराठी प्रत हवी होती. काम साधे दिसत होते. कलम एकमध्ये पक्षांची नावे. कलम तीनपासून माल, भाव, बर्फ. मध्ये कलम दोन, एकाच वाक्याचे: या करारात फिश या शब्दाचा अर्थ त्या ठिकाणच्या लोकांच्या रोजच्या वापरात जो असेल तोच समजावा.

वकिलाने स्वतःचा त्रास वाचवला होता, हे मला दिसत होते. पण मूर्खपणा सुधारायचा नाही हा नियम. मी फिशचे मासे केले, वाक्य जसेच्या तसे मराठीत आणले आणि त्या बुधवारी पत्र्याच्या ऑफिसात वाचून दाखवले.

शांताक्काने हात वर केला.

तिचे काम आधी सांगायला हवे. तलावात होडी घालून जाळी टाकतात ते पुरुष. काठ बायकांचा. चिखलातून खेकडे हाताने धरायचे, उथळ पाण्यात जुने लुगडे पसरून झिंगे काढायचे, बुट्टीत भरून मंद्रूपच्या बाजारात बसायचे. हे कुठे लिहिलेले नाही. लिहायची कोणाला गरजच पडली नव्हती. बाकीच्या बायका हळूहळू शेतमजुरीला गेल्या. शांताक्का राहिली. नवरा गेल्यावर त्याच्या जागी तिला संस्थेचे सभासद करून घेतले. तिचे घर त्या बुट्टीवर चालते.

ती म्हणाली, “बाई, ह्ये मासं म्हंजे कंचं? सगळं मासं कंपनी उचलनार म्हनत्यात. माझं खेकडं त्यात हायती का न्हाईत?”

माझ्या पद्धतीप्रमाणे तिला कळेपर्यंत पुढे जायचे नव्हते. आणि कलमाप्रमाणे उत्तर माझ्याकडे नव्हतेच, त्यांच्याकडे होते. म्हणून मी जमलेल्यांनाच विचारले, की तुम्ही रोजच्या बोलण्यात मासे कशाला म्हणता. मला वाटले, दोन मिनिटांचे काम आहे.

नागनाथ म्हणाले, त्यात काय, जाळ्यात घावतं ते मासं. शांताक्काने लगेच सांगितले की खेकडा हाताने धरतात, तेव्हा तो सुटला. मग कोणी म्हणाले की झिंगा जाळ्यातही येतो. शांताक्का म्हणाली, माझा लुगड्यात येतो. लुगडे हे जाळे आहे की नाही यावर थोडा वेळ गेला. भिंतीला टेकलेले लोक जागे झाले. एकाने काटा असेल तो मासा, असे सुचवले. दुसऱ्याने बिनकाट्याच्या, सापासारख्या लांब वामीचे काय म्हणून विचारले, आणि वामीत काटा असतो की नसतो यावर दोन गट पडले. हे सगळे तलावावर जन्मलेले लोक. त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. असा प्रश्न त्यांना कधी कोणी विचारला नव्हता, एवढेच.

सलीमभाईंना राहवले नाही. ते म्हणाले, “आपण मच्छीमार्केट म्हणतो की. तिथं खेकडा मिळतो, झिंगा मिळतो. मी घरी सांगतो मच्छी आणली, पिशवीत झिंगे असतात. बीवी कधी म्हणत नाही की ही मच्छी नाही.”

मी त्यांच्याकडे पाहिले. भाषांतरकाराच्या टायपिस्टने मत द्यायचे नसते. पण बोलून झाले होते, आणि चार जणांनी मान डोलावली होती.

नागनाथांनी तिथूनच कंपनीच्या साहेबांना फोन लावला आणि माझ्याकडे दिला. साहेब सज्जन होते, घाईत होते. मी इंग्रजीत विचारले, की खेकडे आणि झिंगे तुम्ही फिशमध्ये धरता का. ते म्हणाले, “मॅडम, फिश मीन्स फिश.” मी पुन्हा विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले ते असे: कंपनी पुढच्या वर्षी कोळंबीचे, म्हणजे झिंग्याचेही बीज सोडणार, तेव्हा झिंगा फिशमध्ये हवाच. खेकड्यात त्यांना रस नाही. पण बुट्टी घेऊन कोणी काठावर हिंडत असेल तर बुट्टीत काय आहे ते रोज कोण तपासणार? म्हणून सगळेच फिशमध्ये घ्या, काठ मोकळा ठेवा.

मी हे जसेच्या तसे मराठीत सांगितले. शांताक्काने ऐकून घेतले आणि म्हणाली, “मग खेकडा मासा न्हाई, झिंगा बी मासा न्हाई, आसं लिवा. आमी त्येला मासा म्हनतच न्हाई. बाजारात मी काय वरडती? खेकडं घ्या, झिंगं घ्या. मासं घ्या म्हनती व्हय मी?”

हे मला पटले. कलमात हवा होता तो हाच, रोजचा वापर. मी लिहायला घेतले. तेवढ्यात मल्लप्पांनी घसा साफ केला.

मल्लप्पांना आपल्या मुलाला सभासद करायचे आहे आणि जागा भरलेल्या आहेत, हे नागनाथांनी मला नंतर सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “लिवा की. माझी काय हरकत न्हाई. फकस्त संस्थेचा नियम काय हाय, सभासद म्हंजे स्वता मासं धरनारा पायजे. शांताक्का म्हनती ती धरती ते मासं न्हाईत. मग ती सभासद कशी?”

संस्थेच्या नियमात क्रियाशील मच्छीमार असा शब्द आहे. शांताक्का कधी होडीत बसलेली नाही. खेकडे मासे नसतील तर ती मच्छीमार नाही. सभासदत्व गेले, आणि सभासदत्व गेले की तलावाच्या काठावर जायचाही हक्क गेला. खेकडे मासे असतील तर ती मच्छीमार आहे, पण तिचे खेकडे कंपनीचे. दोन्ही बाजूंनी बुट्टी रिकामी.

मी तिच्याकडे पाहिले. तिला हे माझ्या आधी कळले होते. तिने पदर खांद्यावर ओढला आणि म्हणाली, “भावजी, तुमचं भाऊ आसतं तर मल्लप्पा आन्ना ह्ये बोललं नसतं.”

नागनाथ म्हणाले, “वैनी, मी काय म्हनलो का? मला बी कळंना झालंय.”

ते खरे होते. त्यांना कंपनी हवी होती, कारण बर्फाची गाडी आली नाही की माल सडतो आणि सगळे सभासद त्यांच्या नावाने ओरडतात. आणि त्यांना वहिनीही काठावर हवी होती. दोन्ही एका वाक्यात बसत नव्हते आणि वाक्य लिहायचे काम माझे होते. मी कलम दोन कोरे ठेवले, पुढची कलमे वाचली, आणि आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर सलीमभाईंनी विचारले, “मॅडम, मी मच्छीमार्केटचं बोललो नसतो तर बरं झालं असतं का?”

ऑफिसात येऊन मी कपाटातली यादी काढली. तिच्यातून एक वाट दिसली आणि मला फार आनंद झाला. इंग्रजीत धरण्याच्या कामाला फिश म्हणतात ते धरलेल्या वस्तूवर अवलंबून नाही. खेकड्यांसाठी, शिंपल्यांसाठी, मोत्यांसाठीही फिश करता येते. म्हणजे शांताक्काचे काम फिशिंग, म्हणून ती मच्छीमार; आणि तिच्या बुट्टीतला माल फिश नाही, म्हणून तो तिचा. दुसऱ्या दिवशी मी नागनाथांना फोन करून हे उलगडून सांगितले.

ते म्हणाले, “मॅडम, म्हंजे वैनीला इंग्रजीत सभासद ठिवायचं आन् मराठीत काडून टाकायचं, व्हय?”

मराठी प्रतीवर सभा मत देणार. मराठीत मासेमारी म्हटले की मासे आलेच. मी यादी परत ठेवली.

खरे तर एक सरळ वाक्य पुरे होते: काठावर हाताने धरलेले खेकडे आणि लुगड्याने काढलेले झिंगे हे पूर्वीपासून धरणाऱ्या बायकांचेच राहतील. शांताक्का नंतर ऑफिसात आली तेव्हा तिनेही हेच मागितले. जिना चढून आली, खुर्ची दिली तरी स्टुलावर बसली. मी तिला सांगितले, की मूळ इंग्रजीत नाही ते मला मराठीत घालता येत नाही. कंपनीने घातले तर मी आनंदाने उतरवीन.

ती म्हणाली, “तुमीच तर इचारलंसा, मासं म्हंजे काय म्हून. त्या आदी कोन इचारत हुतं? आता इचारलंसा तर लिवा की.”

मी तिला चहा दिला. माझ्या पद्धतीत ‘कळले नाही त्याने हात वर करावा’ एवढेच आहे. ज्याला कळले त्याने पुढे काय करायचे, हे मी कधी ठरवले नव्हते.

त्या वाक्याचे इंग्रजी मी करून कंपनीच्या साहेबांना पाठवले आहे, नागनाथांच्या संमतीने. दोनदा आठवण केली. ते म्हणतात, वकिलांकडे आहे. वकील म्हणतात, की कलम दोनमध्ये सगळे आलेच आहे, स्थानिक वापर बघा. स्थानिक वापर बघायला गेले तर तो आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. नागनाथ सांगत होते, परवा एकाने जाळ्यातून खेकडा काढला आणि आधी आजूबाजूला पाहिले, मग टोपलीत टाकला. कोणी झिंग्यांना मासे म्हटले की मल्लप्पा मुद्दाम दुरुस्त करायला लागले आहेत. दसरा झाल्यावर सर्वसाधारण सभा आहे. प्रत अर्धवट आहे, आणि अर्धवट प्रतीवर मी शिक्का मारत नाही, एवढाच काय तो आडोसा शांताक्काला माझ्याकडून आहे.

हा मजकूर अर्धा लिहून आज दुपारी मी कोर्टात गेले होते. परत आल्यावर सलीमभाईंनी सांगितले, की शांताक्काचा फोन आला होता. कलम दोनबद्दल तिने काहीच विचारले नाही. तिचे म्हणणे असे, “उद्याच्याला बाजार हाय. खेकडं धरू का नको, त्येवडं बाईस्नी इचारून सांगा.”

त्या गावात सून म्हणून आल्यापासून तिने हे आजवर कोणालाही विचारले नव्हते. हो म्हणायचा अधिकार मला नाही. नाही म्हणायचा तर मुळीच नाही. सलीमभाई आवरून दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, फोन लावून देऊ का. मी म्हणाले, तुम्ही निघा, मी लावते.

ते गेले. फोन अजून लावायचा आहे.